सात नंबरमधली मुलगी

सात नंबरचा कॅमेरा काढणार हे अबरारला कळलं ते निकेशच्या तोंडून, आणि तेही डबा उघडता उघडता. निकेश जासईचा. घरून तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण आणतो, आणि बातम्याही डब्यातूनच आणल्यासारख्या जेवता जेवता वाढतो. "तुला समजला का नाय? सात नंबर जातोय. एकतीस तारखेला खांबावरना उतरवनार नि आमच्या उरण रोडला लावनार. मॅडम फोनवर बोलत होत्या. शाळेजवळ आता गिऱ्हाईक नाय म्हने." एवढं बोलून तो हसला आणि भाकरीचा तुकडा त्याने कालवणात बुडवला. अबरारचा घास हातातच राहिला. खरं तर हसण्यासारखीच गोष्ट होती. कॅमेरा लावला म्हणून गाड्या हळू जायला लागल्या, आणि गाड्या हळू जातात म्हणून कॅमेरा काढायचा. ताप उतरला म्हणून औषधाची बाटली शेजाऱ्याला देऊन टाकावी, तसलं हे शहाणपण. पण अबरारला हसू आलं नाही. मग त्याने घास तोंडात घातला, चावला, गिळला, आणि तो कशाचा होता हे त्याला कळलं नाही.

खांदा कॉलनीत एका बँकेच्या डोक्यावरचा मजला, तीच त्यांची कचेरी. खिडक्यांना काळा कागद लावलेला, आणि एसी इतका गार की भर दुपारी निकेश स्वेटर घालून बसतो. पनवेलमधल्या बारा कॅमेऱ्यांनी काल टिपलेले फोटो आज सकाळी इथे येतात. कॅमेरा एरवी काहीच टिपत नाही. एखादी गाडी मर्यादेपलीकडे गेली की तेवढ्यापुरता जागा होतो, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो काढतो आणि पुन्हा गप्प बसतो. मग इथे खुर्चीवरच्या माणसाने पाहायचं, नंबर नीट वाचता येतो का, नंबर त्याच गाडीचा आहे का, रुग्णवाहिका तर नाही. सगळं ठीक असेल तर हिरवं बटण, म्हणजे फोटोसकट चलान मालकाच्या मोबाइलवर गेलं. शंका असेल तर तांबडं, म्हणजे फोटो पुसला. आणि हिरवं दाबायच्या आधी आणखी एक काम असतं. चौकटीत जी बाकीची माणसं आली असतील, रस्ता ओलांडणारी, भाजी घेणारी, नुसतीच उभी राहिलेली, त्यांच्या चेहऱ्यांवर माउसने राखाडी चौकोन ओढायचा. ज्याचा गुन्हा नाही त्याचा चेहरा दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही, असा नियम. नियम चांगला होता. अबरार गेले चौदा महिने तो आपल्याच मुलीच्या चेहऱ्यावर पाळत होता.

ती पहिल्यांदा दिसली तेव्हा त्याने तिला ओळखलंच नव्हतं. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. सांगायला तसं कुणी नव्हतंही. शाळेसमोरच्या झेब्रा पट्ट्यांजवळ सात नंबर तेव्हा नुकताच लागला होता. मर्यादा पंचवीसची, आणि लोकांना सवय नव्हती, त्यामुळे दिवसाला तीस-चाळीस फोटो येत. त्यातल्या एका पांढऱ्या गाडीच्या पुढे, फुटपाथच्या कडेला, गळ्यात पाण्याची बाटली अडकवलेली एक मुलगी उभी होती. त्याने चौकोन ओढला, हिरवं दाबलं, आणि पुढचा फोटो समोर आल्यावर त्याला ती बाटली आठवली. निळी, झाकणावर उंट. कुवेतच्या विमानतळावर त्यानेच घेतलेली. फोटो मागे आणायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी तो वाट बघत बसला. कॅमेरा गाड्यांचे पाठीमागून फोटो घेतो, म्हणून येणाऱ्या गाडीकडे बघत रस्त्याच्या कडेला थांबलेली मुलं थेट कॅमेऱ्याकडे बघत असल्यासारखी दिसतात. हादिया तशी दिसली. अकरा वर्षांची, भुवया आईच्या, आणि उन्हाने डोळे बारीक केलेले. तेव्हापासून तिच्याबद्दल जे काही त्याला ठाऊक होतं ते या चौकटीतून. जूनमध्ये दप्तर नवं झालं. पावसाळ्यात दोन वेण्या जाऊन एक झाली. सप्टेंबरात डाव्या हाताला प्लास्टर होतं. कशाने मोडला हात? पडली? कुणी ढकललं? रात्री कुणी उशाशी बसलं? विचारायचं तर फोन उचलावा लागला असता. त्याऐवजी तो सव्वीस दिवस थांबला, आणि सत्ताविसाव्या दिवशी एका रिक्षाच्या पुढे मोकळा हात दिसला तेव्हा त्याने जागेवर बसूनच अल्लाचे आभार मानले. सव्वीस दिवस लागले याचं कारण असं की तोवर त्या रस्त्याने जोरात जाणारे फारच थोडे उरले होते.

यातली गोम त्याला कळत नव्हती असं नाही. ती दिसायची ती कुणीतरी तिच्या जवळून भरधाव जात असतानाच. सगळे नीट गेले त्या दिवशी ती नाही. रस्ता सुधारत गेला आणि मुलगी कमी कमी दिसत गेली. सकाळी नऊला फोटोंची यादी उघडताना त्याच्या मनात येऊन जायचं, काल कुणीतरी जोरात गेलेलं असू दे. आणि लगेच तो चोरून कानाच्या पाळ्यांना हात लावायचा, तौबा करायचा. निकेशला वाटायचं याचे एसीने कान दुखतात. बापाने पोरीच्या रस्त्यावर वेगवान गाड्या मागाव्यात, याला म्हणतात कुंपणानेच शेत खाणं. पण मागणं थांबत नव्हतं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती.

जेवण झाल्यावर घरत मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. शशिकला घरत म्हणजे इथल्या प्रमुख, बोलणं मोजकं, टेबलावर नेहमी सोललेलं संत्रं. "सात नंबर तुम्हीच बघता ना अबरार? मला एक पानाची टिप्पणी द्या. ठेवायचा की हलवायचा. शाळेचं पत्र आलंय, ठेवा म्हणून. नगरसेवकाचं आलंय, काढा म्हणून. आकडे म्हणतात काढा. मी आकड्यांवर सही करू शकते, पण तुम्ही रोज बघता, तुमचं काय म्हणणं आहे ते लिहा. शुक्रवारी बारापर्यंत." "मी काय लिहू मॅडम?" "जे दिसतं ते." त्यांनी संत्र्याची फोड पुढे केली, त्याने घेतली, आणि जागेवर येईपर्यंत ती हातात गरम झाली. दिवस मंगळवार होता. मॅडमनी अबरारला का बोलावलं ते निकेशला न सांगता कळलं होतं. "लिही, हलवा म्हनून," तो म्हणाला. "आमचा बळीराम काका काय बोलतो म्हायत हाय? बोलतो, तो कॅमेरा काय पोराला हाताला धरून बाजूला करतो काय? नुसता बघतो. बघनाऱ्याचा काय उपयोग?" बळीरामकाकाचे दोन टेम्पो होते आणि सात नंबरने त्याला पाच वेळा पकडलं होतं, तेव्हा त्याच्या बोलण्यात राग असणारच. पण ते वाक्य अबरारला दिवसभर पायात गेलेल्या काट्यासारखं बोचत राहिलं.

नुसता बघतो. त्याची बायको मुबीनाही जवळजवळ हेच म्हणाली होती. हादिया चाळीस दिवसांची होती तेव्हा तो कुवेतला गेला आणि आठ वर्षं एका मॉलच्या तळघरात चाळीस पडद्यांसमोर बसला. लोक खरेदी करत, भांडत, मुलं हरवत, सापडत, आणि तो बघे. सुट्टी झाली की खोलीवर येऊन फोनच्या पडद्यावर हादियाला बघे. तिचा पहिला दात, पहिलं पाऊल, अलिफ-बे, सगळं त्याने तळहाताएवढ्या काचेत बघितलं, आणि खरं सांगायचं तर तो त्यात सुखी होता. काचेतली मुलगी त्याच्याशी खूप बोलायची. मग तो कायमचा परत आला. करंजाडेला टॉवरमध्ये घर घेतलं, हादियासाठी वेगळी खोली, आणि त्या खोलीच्या दारात उभा राहिला की त्याला काय बोलावं ते सुचेना. ती त्याच्यासमोर गप्प, तो तिच्यासमोर गप्प. जेवताना मुबीनाच दोघांशी वेगवेगळं बोलायची. मग त्याला ही नोकरी लागली, आणि महिन्याभरात त्याने घरात एक छोटा कॅमेरा बसवला, हॉलमध्ये, टीव्हीच्या वर. हिफाजतीसाठी, तो म्हणाला. कामावरून मधून मधून तो फोनमध्ये बघायचा. हादिया अभ्यास करताना पेन्सिल चावते, मुबीना एकटी असताना गुणगुणते, दोघी टीव्ही बघताना एकमेकींच्या अंगावर पाय टाकून बसतात. संध्याकाळी तो घरी यायचा आणि म्हणायचा, "दुपारी तीनला दूध उतू गेलं ना?" त्याला वाटायचं, हे बोलणं झालं.

"तुम्ही कुवेतलाच बरे होता," मुबीना एका संध्याकाळी म्हणाली. आवाज चढवून नाही. ती चढवत नसे. "तिथनं निदान विचारत तरी होता, काय केलंस, कशी आहेस. आता विचारत पण नाही, बघून घेता. तुम्हाला माणूस काचेतूनच बरा दिसतो." दोन दिवसांनी ती हादियाला घेऊन भावाकडे गेली. शकीलभाईचं पनवेल बाजारात ताडपत्रीचं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर घर. त्या रात्री टीव्हीच्या वरची जागा रिकामी होती. चार दिवसांनी त्याने स्वतःपुरता भात लावायला डबा उघडला, तर तांदळात कॅमेरा सापडला, डोळा खाली करून पुरलेला. वाईट वाटायच्या आधी त्याला तिचं कौतुक वाटलं. मग तो ओट्याला टेकून बराच वेळ उभा राहिला. त्या आठवड्यात तीन संध्याकाळी तो शकीलभाईच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, वरच्या खिडकीकडे बघत. तिसऱ्या दिवशी शकीलभाईने पोऱ्याच्या हातून चहा पाठवला आणि मागोमाग मुबीनाचा फोन आला. "बोलायचं असेल तर वर या. जिना काही बंद नाही. पण खाली उभं राहून बघत बसू नका, लोक बघतात, पोरीला कसंतरी होतं." त्याने चहा संपवला, कप दुकानात ठेवला आणि घरी गेला. त्याला दीड वर्ष झालं. तलाक नाही, भांडण नाही, कुणी कुणाला अडवलेलं नाही. तीन मजले फक्त. तेवढेच त्याच्याने चढवले नाहीत.

बुधवारी संध्याकाळी तो टिप्पणी लिहायला बसला. हादियाच्या खोलीतल्या टेबलावर, कारण घरात टेबल तेवढंच. गादीवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं, ती आईजवळच झोपायची. तो खुर्ची सरकवताना कोपर लागून ते करकरलं. कागदावर त्याने लिहिलं, सात नंबर ठेवावा, कारण, आणि थांबला. कारण काय? अपघात नाहीत. जोरात जाणारे नाहीत. गेल्या महिन्यात सगळे मिळून नऊ फोटो, या महिन्यात चार. चार आकड्यांच्या जोरावर कुठला साहेब कॅमेरा ठेवतो? खोटं लिहावं? त्याने आयुष्यात बघितलेलं कधी खोटं सांगितलं नव्हतं. तेवढी एकच गोष्ट त्याच्याकडे धड होती. आणि खरं लिहावं तर काय, ठेवावा, कारण माझी मुलगी तिथून जाते आणि मला ती दुसरीकडे कुठे दिसत नाही? शेजारच्या घरात कुणीतरी कुणाला जेवायला हाका मारत होतं, एकदा, दोनदा, मग चिडून तिसऱ्यांदा. त्याला त्या चिडण्याचा हेवा वाटला. एकतीस तारीख दहा दिवसांवर होती. त्यानंतर ती कधी आजारी पडली, कधी उंच झाली, कधी तिने केस कापले, हे त्याला कळणार नव्हतं. कळेल ते एकदम एखाद्या लग्नात, बाजारात, आणि तेव्हा पुन्हा तो तिला ओळखणार नाही. या विचाराशी येऊन तो घाबरला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो डबा न उघडता खाली उतरला आणि स्कूटर काढली. स्कूटर तशी मुबीनाची. तो कुवेतला असताना तिने हादियाला शाळेत सोडायला म्हणून घेतलेली, मोरपंखी रंगाची, तिच्याच नावावर. भावाकडे जाताना ती म्हणाली होती, आता तुम्हालाच लागेल, नावावर करून घ्या. ते राहून गेलं होतं. पुढच्या दिव्याखाली हादियाने चिकटवलेलं सूर्यफूल होतं, पाकळ्या उडालेलं. नुसतं बघून येऊ, असं तो स्वतःला सांगत होता, लोक कसे चालवतात ते बघू, टिप्पणीला उपयोग होईल. शाळेच्या अलीकडे शिरीषाच्या झाडाखाली तो हेल्मेट न काढता थांबला. साडेबाराला घंटा झाली आणि मुलं बाहेर लोटली. तिला शोधायला वेळ लागला नाही. पण ती चौकटीतल्यापेक्षा वेगळीच होती. ती हलत होती. मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारून हसली, आणि ते हसणं त्याला इतक्या लांबून ऐकू आलं, जरासं घोगरं, त्याच्या आईच्या हसण्यासारखं. चौदा महिन्यांत तिचा आवाज असतो हेच तो विसरून गेला होता. ती फुटपाथवरून झेब्रा पट्ट्यांकडे येऊ लागली. वीस पावलं जाऊन हाक मारायची होती, हादिया, एवढंच. त्याने स्कूटर सुरू केली.

एक फोटो. तेवढाच हवा होता. शाळेसमोर अजूनही कुणीतरी जोरात जातं, याचा उद्या सकाळी येणारा, ताजा फोटो. मग टिप्पणीला कारण मिळेल आणि कॅमेरा राहील. आणि खोल कुठेतरी, जिथे माणूस स्वतःशीही स्पष्ट बोलत नाही, तिथे त्याला एकदा त्या चौकटीत तिच्यासोबत यायचं होतं. काटा पंचवीसवरून तीस, चाळीस, सत्तेचाळीस. रस्ता मोकळा होता, ती फुटपाथवर होती. मग ती फुटपाथवर नव्हती. एक पाय खाली ठेवलेला त्याला दिसला, सफेद मोजा, काळा बूट, इतका स्पष्ट की बुटाचा बंद सुटलेला होता हेही दिसलं. त्याने हँडल उजवीकडे ओढलं. कानाजवळून काहीतरी ओरडणं गेलं, मागे काहीतरी आपटलं, आणि तो पुढे निघून गेला होता. गाढी नदीच्या पुलावर त्याने स्कूटर थांबवली. काय आपटलं? दप्तर? बाटली? ती? मागे जाऊन बघणं पाच मिनिटांचं काम. पण त्याच्या मनात आलं, सकाळी फोटो येईलच. आणि हे आपल्या मनात आलं, याची त्याला त्या क्षणी सगळ्यात जास्त भीती वाटली, आपटण्याच्या आवाजापेक्षाही. इतकी भीती वाटून तो परत गेला असेल, असं कुणाला वाटेल. तो गेला नाही. कठड्याला धरून उभा राहिला, फोन हातात घेऊन. मुबीनाचा फोन येईल, शकीलभाईचा येईल, कुणाचा तरी येईल. कुणाचाच आला नाही, आणि ते बरं की वाईट हेही त्याला कळेना.

शुक्रवारी तो साडेआठलाच येऊन बसला. नऊला यादी आली. सात नंबरपुढे एक आकडा होता, एक. पहिल्या फोटोत मोरपंखी स्कूटर पाठमोरी, वर वाकलेला माणूस, आणि त्याच्या डाव्या खांद्यापलीकडे हादिया, एक पाय रस्त्यावर. दुसऱ्यात ती मागे झुकलेली, दोन्ही पाय फुटपाथवर, शाळेच्या आयाने तिचं दप्तर मागून घट्ट पकडलेलं, आणि निळी बाटली सुटून हवेत. आपटली ती बाटली. अबरारने डोळे मिटले, उघडले आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती गाडीकडे बघत नव्हती, गाडीवरच्या माणसाकडे बघत होती. तोंड उघडं होतं. किंचाळली होती की हाक मारली होती? दिव्याखालचं सूर्यफूल तिचंच होतं, ते तिने ओळखलं नसेल असं कसं होईल? त्याने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, तोंडाचे नुसते ठिपके होईपर्यंत. कॅमेऱ्याला आवाज कळत नाही. ते त्याला फक्त तिलाच विचारता आलं असतं.

"ए, ही तुझी गाडी ना?" निकेश खुर्ची सरकवून मागे आला होता. एरवी तो मान वळवायलाही आळस करतो. "सत्तेचालीस? येडा झालास काय? आन ही पोर..." तो थांबला. हादियाचा फोटो अबरारच्या पाकिटात त्याने पाहिला होता, पहिलीतला, दात पडलेला. मग तो खाली वाकून हळूच म्हणाला, "तांबडा मार. नंबर नीट दिसत नाय म्हनून लिही. कोन बघतो? मी नाय बोलनार कुनाला, आईची शपथ." नंबर स्वच्छ दिसत होता. कोण बघतो, हा प्रश्न मात्र खरा होता. इथे बघणारा तोच होता, जाणाराही तोच, आणि मालकाच्या रकान्यात नाव होतं मुबीना अबरार तुंगेकर. हिरवं दाबलं की हा फोटो तिच्या मोबाइलवर जाणार. त्याने आयाच्या चेहऱ्यावर चौकोन ओढला. मैत्रिणीच्या चेहऱ्यावर ओढला. हादियापाशी माउस नेला आणि चौकोन न ओढता तिथेच राहू दिला. नियम सांगत होता, ज्याचा गुन्हा नाही त्याचा चेहरा दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही. पण आई म्हणजे दुसरं कुणी नव्हे. ईदला काढलेल्या फोटोनंतर दोन वर्षांत बाप-लेक एका चौकटीत आलेले हा एवढाच एक फोटो होता, आणि त्यात बापाची फक्त पाठ होती. "अबरार, नको," निकेश म्हणाला. त्याने हिरवं दाबलं.

टिप्पणी मग पाच मिनिटांत झाली. त्याने लिहिलं की सात नंबर आहे तिथेच ठेवावा. फोटो कमी आले याचा अर्थ तिथे त्याचं काम उरलं नाही असा नाही. रस्त्यावरून जाणारा माणूस बदललेला नसतो, आपल्याला कुणी बघतंय एवढंच त्याला ठाऊक असतं. काल दुपारी मी स्वतः, हे सगळं माहीत असून, तिथून सत्तेचाळीसने गेलो. फोटो जोडला आहे. मुलगी माझी आहे. कॅमेऱ्याने तिला वाचवलं नाही, आयाने वाचवलं. आयाला दोनच हात आहेत, म्हणून कॅमेराही असावा. खाली नाव, तारीख. घरत मॅडमनी ते उभ्यानेच वाचलं, फोटो बघितला, आणि संत्र्याची वाटी बाजूला सरकवली. "हे असंच वर पाठवू?" "हो." "कॅमेरा बहुतेक राहील मग. तुमचं मी सांगू शकत नाही." "कॅमेरा राहू दे मॅडम." तो जागेवर आला.

पाठवलेल्या चलानांची एक वेगळी यादी असते. पोचलं की नाही, मालकाने उघडलं की नाही, कितीदा उघडलं, कधी. ती यादी कुणी बघत नाही. अबरार बघत बसला. अकरा बेचाळीसला नावापुढे आलं, पोचलं. चलान पोचायला दोन-अडीच तास लागतातच. अकरा पन्नासला, उघडलं. एकदा. ती ओट्याशी असेल, शुक्रवार आहे, शकीलभाई नमाजवरून यायच्या आत जेवण व्हायला हवं. पदराला हात पुसून तिने फोन घेतला असेल. बावन्नला, दोनदा. आता तिने मोठा करून बघितला असेल, त्याने केला तसा. बाराला, तीनदा. बारा सहाला, चारदा. फोन वाजत नव्हता. त्याच्याकडे फोन होता, तिच्याकडे फोन होता, आणि ती आपल्या काचेत बघत होती आणि तो आपल्या काचेत ती बघतेय ते बघत होता. हे त्याच्या लक्षात आलं तोवर तिने ते पाचव्यांदा उघडलं होतं. मग त्याने पडदा बंद केला. बारा कॅमेरे, यादी, सगळं एकदम काळं झालं, आणि काळ्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला, दाढी वाढलेली, वय झाल्यासारखा. "कुठं चाल्लास?" निकेशने विचारलं. "घरी," अबरार म्हणाला, आणि मग दुरुस्त करून, "मुबीनाकडे."

स्कूटर त्याने तिथेच ठेवली. रिक्षाने बाजारात उतरला तेव्हा जुम्म्याची अजान होऊन गेली होती आणि शकीलभाईच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. समोरच्या फुटपाथवर, जिथे तो तीन संध्याकाळी उभा राहिला होता, तिथे आता शहाळेवाला बसला होता. जिन्यात ताडपत्रीचा वास होता, रबरी, उग्र. पहिल्या मजल्यावर त्याला दम लागला, दुसऱ्यावर परत फिरावंसं वाटलं, आणि परत फिरायला काहीच हरकत नव्हती, कुणी बघत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दारासमोर चपला होत्या, त्यात एक लहान काळा बूट, बंद सुटलेला, जोडीचा दुसरा थोडा दूर पडलेला. हादिया शाळेतून आली होती. दाराशेजारी कोपऱ्यात निळी बाटली होती, झाकण फुटलेलं, उंटाचं अर्धं अंग गेलेलं. बेलवर बोट ठेवताना त्याला कळलं की पहिलं वाक्य काय बोलायचं हे त्याने ठरवलेलंच नाही. आत पावलं आली, हलकी की जड ते ओळखू येईना, आणि दारापाशी थांबली. दाराच्या मधोमध वाटाण्याएवढं भिंग होतं. त्यातला उजेड गेला. आतून कुणीतरी डोळा लावला होता. अबरारने चेहरा बाजूला केला नाही. मान वर केली, कपाळावरचे केस मागे सारले, आणि आतल्याला नीट दिसेल असा तो दारासमोर उभा राहिला.